गंभीर प्रसंगात प्रेक्षागृह हसले. आता दिग्दर्शकाने काय करावे?

अर्धविराम (धागाकर्ता)

माझा २२ मिनिटांचा लघुपट गेल्या महिन्यात एका महोत्सवात पहिल्यांदाच पडद्यावर आला. वडील गेल्यानंतर चार दिवसांनी घरी पोहोचलेली बहीण आणि तिच्यासाठी दार उघडणारा भाऊ, एवढाच त्याचा शेवटचा प्रसंग आहे. दार उघडते, ११ सेकंद कोणी काही बोलत नाही, आणि मग भाऊ म्हणतो, "उशीर केलास." या दोन शब्दांसाठीच मी आधीचा सगळा डोलारा उभा केला होता, असे म्हटले तरी चालेल. त्या दोन शब्दांना प्रेक्षागृह हसले. कुणी एकाने फिसकन हसावे आणि बाकीच्यांनी वळून त्याच्याकडे रागाने पाहावे, असे ते हसणे नव्हते. निम्म्याहून अधिक लोक हसले, आणि मी मागच्या भिंतीला टेकून ते ऐकत उभा होतो.

तेवढ्यावर भागले असते तर मी हा धागा काढला नसता. महोत्सवाने प्रसिद्धीसाठी टाकलेल्या दृश्यांमधून कोणीतरी त्या प्रसंगाचा नऊ सेकंदांचा तुकडा काढला, त्यावर "सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये" अशी ओळ चिकटवली आणि तो फिरू लागला. भावाचे काम करणाऱ्या नटाला आता अनोळखी माणसेही "उशीर केलास" म्हणून हटकतात. तो मला काही बोलत नाही, आणि तेच मला अधिक जड जाते. एका परीक्षणातही शेवटाची यथेच्छ टर उडवलेली होती.

त्या रात्री मी सहाशे शब्दांचे उत्तर लिहिले. त्यात मौनाचे सौंदर्यशास्त्र होते, आजच्या प्रेक्षकाच्या उतावळेपणावर दोन परिच्छेद होते आणि परीक्षण लिहिणाऱ्याच्या अभिरुचीवर एक वाक्य होते, जे मला तेव्हा फारच झकास वाटले होते. संकलक मैत्रिणीने ते वाचून "सकाळी टाक" एवढेच सांगितले. सकाळी मी ते टाकले नाही, पण पुसूनही टाकलेले नाही.

माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. उत्तर द्यावे की गप्प राहावे? पुढच्या महोत्सवाला पाठवण्यापूर्वी शेवट बदलावा की आहे तसा ठेवावा? आणि त्या नटाला मी काय सांगावे? सांत्वन नको आहे. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी आपला अनुभव आणि मत लिहावे.

जुना प्रोजेक्टर

गप्प राहा, असे मी म्हणेन. पण त्याचे कारण नेहमी दिले जाते ते नाही. "काळ न्याय करतो" हे वाक्य तुम्हाला आता अनेकजण ऐकवतील. काळाने न्याय केल्याची उदाहरणे आपल्या लक्षात राहतात, कारण ते चित्रपट पुन्हा दाखवले जातात. ज्यांचा न्याय झाला नाही ते आपल्याला माहीतच नसतात. शिवाय न्याय झाला तरी तो वेळेवर होतो असे नाही. मायकेल पॉवेल यांच्या 'पीपिंग टॉम'वर १९६० मध्ये ब्रिटिश समीक्षक असे काही तुटून पडले की त्या देशातील त्यांची कारकीर्द जवळजवळ संपली. चित्रपटाची थोरवी लोकांनी मान्य केली तोपर्यंत सुमारे दोन दशके उलटली होती. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ मध्ये आपटला, त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव पुन्हा पडद्यावर आलेच नाही. या दोघांना काळाच्या न्यायाचा काय उपयोग झाला?

शेवट बदलावा का, या प्रश्नावर तर इतिहास सरळ उत्तर देतच नाही. ज्याँ रेन्वार यांचा 'द रूल्स ऑफ द गेम' १९३९ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये लागला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. एका प्रेक्षकाने वर्तमानपत्र पेटवून खुर्च्यांना आग लावायचा प्रयत्न केला, असे रेन्वार यांनीच पुढे सांगितले आहे. लोक जिथे हसत होते तो भाग ते कापत गेले. चित्रपट आखूड झाला, पण हुर्यो थांबली नाही. १९५९ मध्ये जेव्हा त्याची १०६ मिनिटांची आवृत्ती जुळवून दाखवली गेली, तेव्हा कुठे लोकांना कळले की आपण कशाला हसलो होतो. याउलट स्टॅन्ली कुब्रिक यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या पहिल्या खेळांमध्ये माणसे उठून जाताना पाहिली आणि १९६८ च्या त्याच एप्रिलमध्ये, आठवड्याभराच्या आत, सुमारे १९ मिनिटे कापली, आपण आज जो पाहतो तो हा कापलेला चित्रपट आहे आणि गेलेल्या मिनिटांसाठी कोणी रडत नाही. मायकेल चिमिनो यांनी 'हेवन्स गेट' १९८० मध्ये चित्रपटगृहांतून परत मागवून २१९ मिनिटांवरून १४९ मिनिटांवर आणला, आणि दोन्ही आवृत्त्या सारख्याच आपटल्या.

तिघांनीही कात्री चालवली. माझा अंदाज असा की कुब्रिक यांना नेमके काय जास्त झाले आहे ते दिसले होते, आणि बाकीच्या दोघांनी गर्दीच्या आवाजाच्या दिशेने कात्री फिरवली. तुम्हाला काय दिसते आहे ते आधी ठरवा. तोवर उत्तरही नको आणि कापाकापीही नको.

मागची रांग

मी चित्रपट बनवत नाही, फक्त पाहतो, आणि गंभीर प्रसंगात हसणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचे लिहितो.

दिग्दर्शकांना असे वाटते की हसणारा माणूस ठरवून हसतो. तसे फार क्वचित होते. पडद्यावर ताण असतो, तो कुठेतरी जरासा चुकतो, आणि तेवढ्या फटीतून हसू बाहेर पडते. बाहेर पडल्यावर आपल्यालाही ओशाळल्यासारखे होते, पण शेजारचाही हसलेला असतो, त्यामुळे लाज दोघांत विभागली जाते. कित्येकदा तर प्रसंग फार जवळचा असतो म्हणूनच माणूस हसतो. तेव्हा तुमच्या सहाशे शब्दांतील उतावळ्या प्रेक्षकावरचे दोन परिच्छेद कृपा करून कायमचे पुसून टाका. ज्याने २१ मिनिटे तुमच्याबरोबर शांतपणे काढली, तो बाविसाव्या मिनिटाला उतावळा कसा झाला?

आणखी एक गोष्ट जरा बोचेल. कौतुक झाले की त्याला दिग्दर्शक समीक्षा म्हणतात आणि दोष दाखवला की त्याला टवाळी म्हणतात. तुम्ही ज्या परीक्षणाबद्दल एका वाक्यात लिहिले आहे, त्यात टर उडवण्यापलीकडे काही म्हटले होते का? असल्यास ते तुम्ही इथे सांगितलेले नाही.

अर्धविराम

मान्य. परत वाचले. त्यात असे म्हटले आहे की शेवटपर्यंत भाऊ हे पात्र दुःखी वाटते, आणि त्या वाक्यापाशी मात्र ते एकदम हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखे वाटते. मी ते टोमणा म्हणून वाचले होते.

कात्री

मी गेली १६ वर्षे संकलन करते. मास्तराची उपमा टोमणा म्हणून आली असेल, पण तुम्हाला आजवर मिळालेली सगळ्यात उपयोगी माहिती तीच आहे, आणि तुम्ही ती जवळजवळ फेकून दिली होती.

संकलनाच्या टेबलावर एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. कच्ची आवृत्ती पाहणारा माणूस दोन प्रकारची वाक्ये बोलतो. "इथे मी बाहेर फेकलो गेलो", "इथे मला हसू आले", "हा कोण ते मला कळलेच नाही" ही एका प्रकारची. त्याला काय झाले हे तो सांगतो आहे, आणि त्याबाबतीत त्याच्यापेक्षा मोठा जाणकार कोणी नाही. "हा विराम कापा", "इथे संगीत घाला", "ते वाक्यच काढून टाका" ही दुसऱ्या प्रकारची. हा उपाय आहे, आणि उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण दुखते तिथेच दुखापत असते असे नाही. सतराव्या मिनिटाला कंटाळा येतो याचे कारण पुष्कळदा चौथ्या मिनिटात सापडते. टवाळखोर मनुष्य तर उपायही सुचवत नाही, तो फक्त बोट ठेवतो, म्हणून त्या अर्थाने तो सभ्य हितचिंतकापेक्षा कामाचा. निंदकाचे घर शेजारी असावे हे ठीकच आहे. त्याच्या हातात कात्री द्यावी असे मात्र कोणी सांगितलेले नाही.

कसे वागू नये आणि कसे वागावे, ही दोन्ही उदाहरणे एकाच माणसाची पाहायची असतील तर व्हिन्सेंट गॅलो यांच्या 'द ब्राउन बनी'ची हकीकत आठवा. २००३ मध्ये कान महोत्सवात तो दाखवल्यावर अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्याला महोत्सवाच्या इतिहासातील सर्वांत वाईट चित्रपट ठरवले. गॅलो यांनी एबर्ट यांच्या लठ्ठपणावरून त्यांना शिव्या घातल्या, वर त्यांच्या आतड्याला शापही दिला. एबर्ट यांनी उलट टोला मारला, वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले आणि चित्रपट बाजूलाच राहिला. पण त्या सगळ्या गदारोळात गॅलो पुन्हा संकलनाला बसले आणि त्यांनी सुमारे २६ मिनिटे काढून टाकली. नवी आवृत्ती पाहून त्याच एबर्ट यांनी २००४ मध्ये तिला चारपैकी तीन तारे दिले आणि संकलनाने काय साधते ते यातून पाहावे, अशा आशयाचे लिहिले. भांडणातून दोघांनाही काही मिळाले नाही; जे मिळाले ते टेबलावर मिळाले. समीक्षकाने आपले मत उघडपणे बदलले हेही मला यात तितकेच मोलाचे वाटते, कारण "ते लोक आधीच ठरवून बसलेले असतात" ही आपली लाडकी तक्रार निदान या एका ठिकाणी टिकत नाही.

तर, भाऊ मास्तरासारखा का वाटला? वाक्यामुळे? आवाजामुळे? चेहऱ्यामुळे? हे शोधल्याशिवाय एक फ्रेमही हलवू नका.

कलमवाला

थोडे कोरडे, पण कोणीतरी सांगायला हवे. तो नऊ सेकंदांचा तुकडा "कॉपीराइटचा भंग" म्हणून काढून टाकायला लावण्याचा मोह तुम्हाला होईल, एखादा उत्साही मित्र तसे सुचवेलही. चित्रपटाची समीक्षा करताना त्यातला अंश वापरण्याला बहुतेक देशांचे कायदे मुभा देतात. भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ त्याच स्वरूपाचे आहे. मीम ही समीक्षा ठरते का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल, पण तो युक्तिवाद चालू असताना तुकडा दसपट लोकांनी पाहिलेला असेल.

टॉमी वायझो यांचा 'द रूम' लोक गेली दोन दशके पडद्यावर चमचे फेकत, हसत पाहतात. त्या चित्रपटावर कॅनडातील काही जणांनी माहितीपट केला, तेव्हा वायझो न्यायालयात गेले. २०२० मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला आणि उलट त्यांनाच मोठी भरपाई द्यायला लावली. टीकाकारांना मुष्टियुद्धाचे आव्हान देणारे उवे बोल नावाचे एक दिग्दर्शकही आहेत. २००६ मध्ये ते खरोखर रिंगणात उतरले आणि जिंकलेही. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांबद्दल कोणाचे मत बदलल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कोणी तुमच्यावर चोरीचा किंवा फसवणुकीचा खोटा आरोप केला, किंवा नटाला धमक्या आल्या, तर ते वेगळे प्रकरण आहे. तिथे गप्प बसू नका. "शेवट हास्यास्पद आहे" हे मत आहे, आणि मताविरुद्ध दाद मागायला जागा नाही.

रेंडर

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते. दिग्दर्शक टीकेला कसा सामोरा जातो यावर सगळे चर्चा करतात. त्याच्या खालच्या माणसांपर्यंत ती टीका कशी पोहोचते हे कोणी विचारत नाही.

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकावर दृश्ये तयार करण्याच्या कामात आहे. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटातील पाण्याच्या एका दृश्याची भरपूर खिल्ली उडाली. ते पाणी मी केलेले होते. अंतिम संकलन आमच्याकडे येईपर्यंत इतका उशीर झाला होता की ज्या शॉटच्या एरवी दहा-बारा आवृत्त्या होतात त्याची तिसरीच आवृत्ती पडद्यावर गेली, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला ते माहीत होते. प्रदर्शनानंतर दिग्दर्शकांनी मुलाखतीत हसत हसत सांगितले की व्हीएफएक्सच्या लोकांनी जरा निराशा केली. त्या एका वाक्यात ते सुटले. मी आजही तो चित्रपट माझ्या कामाच्या यादीत लिहीत नाही.

म्हणून 'सॉनिक द हेजहॉग' या चित्रपटाचे उदाहरण मला नेहमी अर्धेच सांगितले जाते असे वाटते. २०१९ च्या एप्रिलअखेर झलक आली, त्या निळ्या प्राण्याच्या माणसासारख्या दातांवर जगभर हशा पिकला आणि दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी दोनच दिवसांत जाहीर केले की निरोप पोहोचला आहे, रूप बदलू. प्रदर्शन नोव्हेंबरवरून २०२० च्या फेब्रुवारीत गेले, नवे रूप लोकांना आवडले, चित्रपट जोरात चालला. हे उत्तर म्हणून उत्तमच होते: सबब नाही, प्रेक्षकाला दोष नाही, आणि मुख्य म्हणजे कोणा खालच्या माणसाकडे बोट नाही. पण मूळचे रूप मंजूर करणारे आणि नंतर रात्री जागून ते बदलणारे हात वेगवेगळे होते. त्यावर काम केलेल्या स्टुडिओची व्हँकूवरची शाखा त्याच डिसेंबरमध्ये, चित्रपट लागायच्या आधी, बंद झाली. दोन गोष्टींचा थेट संबंध जोडणे बरोबर होणार नाही, पण त्या शाखेतल्या लोकांनी यशाची बातमी कशी वाचली असेल याचा विचार माझ्या मनात येतोच.

त्या नटाला काय सांगावे? त्या शॉटच्या अनेक टेकपैकी, म्हणजे चित्रणांपैकी, पडद्यावरचा टेक तुम्ही निवडला, ही गोष्ट त्याला सांगा. नंतर तीच गोष्ट जिथे कोणी विचारेल तिथे चारचौघांतही सांगा. एवढे पुरे आहे.

जुना प्रोजेक्टर

रेंडर यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या "गप्प राहा"ला थोडी मुरड घालावी लागेल. टीकेला उत्तर देऊ नये, पण जबाबदारी घेताना गप्प बसू नये.

आणि तिसरा एक रस्ताही आहे, तो म्हणजे हसणाऱ्यांत जाऊन बसणे. पॉल व्हर्होवेन यांच्या 'शोगर्ल्स'ला १९९६ मध्ये सर्वांत वाईट चित्रपटांसाठीचे रॅझी पुरस्कार ढिगाने मिळाले, तेव्हा ते स्वतः समारंभाला गेले आणि सर्वांत वाईट दिग्दर्शकाचा पुरस्कार त्यांनी हातात घेतला. तोवर तसे कोणी केलेले नव्हते. हॅली बेरी २००५ मध्ये 'कॅटवुमन'साठी गेल्या त्या एका हातात आपला ऑस्कर घेऊनच. सँड्रा बुलक २०१० मध्ये आपल्या पडलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडी हातगाडीत भरून घेऊन गेल्या, त्या प्रेक्षकांत वाटल्या आणि नीट पाहून मग बोला म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाला. यात शहाणपण असे की टवाळीला जो चिडलेला चेहरा हवा असतो, तोच तिला मिळत नाही.

मागची रांग

उदाहरणे मजेची आहेत, पण तिघेही घरून ऐश्वर्य घेऊन आलेले होते. ज्याच्या नावावर २२ मिनिटांचा एकच लघुपट आहे त्याने स्वतःची टर उडवली तर लोक एवढेच म्हणतील की यालाही ते पटले. शिवाय चेहरा नटाचा आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच्या विनोदात दिग्दर्शकाने हसत सामील होणे मला तरी बरे दिसत नाही. २०२३ मध्ये याच रॅझीवाल्यांनी एका १२ वर्षांच्या मुलीला सर्वांत वाईट अभिनेत्रीचे नामांकन दिले होते. ओरड झाली, ते मागे घ्यावे लागले आणि १८ वर्षांखालील कोणालाही नामांकन द्यायचे नाही असा नियम करावा लागला. विनोद कुणावर आहे, यावर तो हसून घालवायचा की नाही हे ठरते.

आणि उलटे टोक म्हणजे, लोक हसले म्हणून "मी विनोदीच केले होते" असे नंतर सांगणे. ते तर अजिबात करू नका.

तळटीप

उत्तर कधीच देऊ नये, हे मला पटत नाही. उत्तर कोणाला आणि कशाबद्दल, यावर ते अवलंबून आहे. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'वर अशोक रुद्र यांनी 'परिचय' या बंगाली नियतकालिकात टीका केली होती, की मूळ कथेपासून चित्रपट फार दूर गेला आहे. राय यांनी १९६४ मध्ये त्याच नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला आणि कथेतील कोणती गोष्ट पडद्यावर का बदलावी लागली याचा एकेक दुवा उलगडला. त्यातही धार होतीच, पण आज तो लेख रूपांतराचा धडा म्हणून वाचला जातो, त्यामागचे भांडण विसरले गेले तरी चालते.

तेच राय पुढच्या वर्षी मृणाल सेन यांच्या 'आकाश कुसुम'वरून 'द स्टेट्समन'मधील पत्रव्यवहारात उतरले. तिकडून सेन, इकडून राय, मध्ये कथालेखक, असे ते आठवडेच्या आठवडे चालले, आणि उत्तरोत्तर चित्रपट कमी आणि चिमटे जास्त अशी त्याची गत झाली. माणूस तोच, लेखणी तीच. पहिल्या वेळी सांगण्यासारखे काहीतरी होते, जे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. दुसऱ्या वेळी फक्त हरायचे नव्हते.

अर्धविराम, तुमच्या सहाशे शब्दांत असे किती शब्द आहेत, जे तुमच्याखेरीज कोणी सांगू शकले नसते?

अर्धविराम

मोजले. एकही नाही. मसुदा आज पुसला.

ध्वनिरेषा

उशिरा आलो. मी ध्वनीचे काम करतो, त्यामुळे मला या सगळ्या चर्चेत एकाच गोष्टीची उणीव वाटते आहे. प्रेक्षागृह "उशीर केलास" या वाक्याला हसले असे आपण सगळे धरून चाललो आहोत, कारण धागाकर्त्यांनी तसे लिहिले. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, घाबरलेल्या माणसाची साक्ष आहे ती. हसू नेमके कुठे सुरू झाले? वाक्याच्या आधी, वाक्यावर, की नंतर? त्या वेळी हॉलमध्ये कोणी काही मुद्रित केले होते का? बऱ्याचदा आमच्यापैकी एखादा आवाजाची पातळी तपासायला छोटा रेकॉर्डर खुर्चीखाली ठेवतो.

माझा संशय दाराच्या करकरीवर आहे. लांब शांततेत घातलेला करकर आवाज नको तिथे विनोद करतो.

अर्धविराम

रेकॉर्डर होता. आमच्या ध्वनिमुद्रकाने ठेवला होता आणि आम्ही दोघेही ते विसरून गेलो होतो. काल रात्री मी आणि संकलक मैत्रीण ते मुद्रण चित्राच्या पट्टीखाली लावून बसलो.

करकर नाही, तिच्यानंतर हॉल अगदी शांत आहे. ११ सेकंदांपैकी पहिल्या नऊ सेकंदांत एक खोकला सोडून काही ऐकू येत नाही, म्हणजे ज्या विरामाचा मी सहाशे शब्दांत बचाव करत होतो त्याच्यावर कोणी हल्ला केलेलाच नव्हता. पहिले हसू येते ते वाक्याच्या पावणेदोन सेकंद आधी. तिथे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक चालू आहे, जी मीच हौसेने वाढवून घेतली होती, आणि तिथे नटाची नजर बहिणीच्या चेहऱ्यावरून निघून क्षणभर वर, उजवीकडे जाते. तिकडे घड्याळ आहे. तो घड्याळाकडे पाहतो आणि मग म्हणतो, "उशीर केलास."

मी हा प्रसंग शंभर वेळा पाहिला असेल. मला ती नजर दुःखाने भरकटलेली वाटत होती, कारण मला माहीत होते की तो काय विचार करतो आहे. ज्याला ते माहीत नाही त्याच्यासमोर एक माणूस घड्याळ बघून उशीर झाल्याची नोंद करतो. हजेरी घेणारा मास्तर! परीक्षण लिहिणाऱ्याने शब्दशः तेच लिहिले होते, आणि मीम करणाऱ्यानेही तेच ओळखून साहेबांची केबिन घातली होती.

पुढचे अधिक लाजिरवाणे आहे. त्या कोनातून चार टेक होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या टेकमध्ये नट नजर हलवत नाही. तिसरा टेक मी निवडला, कारण त्यात दारातून येणारा उजेड चांगला पडला होता.

कात्री

मग टेक बदलणार का? उजेड जाईल, पण नजर मिळेल.

अर्धविराम

बदलून पाहिला. आधीच्या शॉटशी तो जुळत नाही, उजेडाचा फरक डोळ्यांत भरतो. शेवटी मैत्रिणीने सुचवले तसे केले: नजर हलण्याच्या आधीच भावावरून कापून बहिणीवर गेलो, आणि तिच्या चेहऱ्यावर ३८ फ्रेम, म्हणजे दीड सेकंदाहून थोडे अधिक, थांबलो. "उशीर केलास" आता तिच्या चेहऱ्यावर ऐकू येते. टिकटिक जवळजवळ बंद केली आहे. विराम ११ सेकंदांचाच आहे आणि वाक्यही तेच आहे. विराम कापा असे मला सात जणांनी आणि वाक्य काढा असे चार जणांनी सांगितले होते.

नटाशी बोललो. टेक कोणता होता आणि तो का निवडला ते सांगितले. त्याने बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले की चौथा टेक चांगला झाला होता ना. झाला होता, आणि तसे मी त्याला सांगितले. परीक्षण लिहिणाऱ्यांनाही दोन ओळींचे पत्र पाठवले आहे, त्यात फक्त मास्तर कुठून आला ते कळवले आहे.

रेंडर

उजेडासाठी टेक निवडल्याचे तुम्ही इथे लिहिलेत, ते बरे केलेत.

अर्धविराम

शेवटचे कळवायचे राहिले होते. काल दुसऱ्या महोत्सवात खेळ झाला. रेकॉर्डर या वेळी मी स्वतः ठेवला. शेवटच्या प्रसंगात कोणी हसले नाही. कोणी रडलेही नाही, मागून कुणाच्या तरी पिशवीचा आवाज येत होता.

मात्र पाचव्या मिनिटाला, जिथे वडील फोनवर बोलता बोलता थांबतात, तिथे उजव्या बाजूचे तिघे-चौघे हसले. पहिल्या खेळाचे मुद्रण काढून पाहिले तर तिथेही तेच आहे, तेव्हा माझे लक्ष नव्हते. टाइमकोड ०५:४१ आहे. ध्वनिरेषा, दोन्ही मुद्रणे आणि तो तुकडा तुम्हाला आज रात्री पाठवतो. मला त्यात काहीही वावगे दिसत नाही.